पॉवर प्रेसला नक्की कोणता गार्ड? इन्स्पेक्टरचा शेरा, पिन क्लच आणि दोन बटणांचा गैरसमज

वर्नियर

एका लघुउद्योगाच्या इन्स्पेक्शन बुकातला शेरा चर्चेसाठी मांडतो. नाव-गाव बाजूला ठेवू; भोसरी, चाकण, अंबड, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत थोड्याफार फरकाने हाच शेरा सापडेल.

यंत्रं: पत्रा कापणारे-वाकवणारे, १० ते ६३ टनांचे सहा सी-फ्रेम मेकॅनिकल प्रेस, पिन क्लचचे, पायाच्या पेडलवर चालणारे. शिवाय १०० टनांचे दोन प्रेस, न्यूमॅटिक क्लच, दोन हातांची बटणं. माणसं २६, त्यातली १५ ठेकेदाराची.

शेऱ्याचा गोषवारा: (१) पंच (वरचा साचा) आणि डाय (खालचा साचा) यांच्यामध्ये हात जाणार नाही असं संरक्षण नाही. (२) पेडलवर आच्छादन नाही. (३) डाय बदलताना वीज तोडून कुलूप लावण्याची पद्धत नाही. पूर्तता करून लेखी कळवा.

मालकांनी मनात धरलेला उपाय: सहाही पिन क्लच प्रेसची पेडलं काढायची, जागी दोन बटणं आणि छोटा एअर सिलिंडर, वर समोर लाइट कर्टन (हात आडवा आला की प्रेसला थांबायचा सिग्नल देणारा किरणांचा पडदा). कोटेशन आलं आहे. माझे प्रश्न तीन. पिन क्लचवर हे चालतं का? पूर्तता म्हणून नक्की काय द्यायचं? आणि कामगार सुरक्षेचा नवा कोड (२०२० ची संहिता) लागू झाल्यावर १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टची कलमं दाखवून काढलेला शेरा टिकतो का?

तिसरी_पाळी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नाही. कोटेशन परत पाठवा.

पिन क्लच (किंवा रोलिंग की, तत्त्व तेच) म्हणजे पूर्ण फेऱ्याचा क्लच. पिन एकदा फ्लायव्हीलच्या खाचेत पडली की क्रँक ३६० अंश फिरून वर आल्याशिवाय सुटत नाही. मधे थांबवायची सोयच नाही. मग लाइट कर्टनने सिग्नल तोडला, इमर्जन्सी बटण दाबलं, मोटर बंद केली, तरी फ्लायव्हीलमध्ये साठलेल्या जोरावर रॅम (पंच धरलेला वर-खाली होणारा भाग) खाली येणारच. कर्टनचा लाल दिवा फक्त बोट गेल्याची वर्दी देईल.

आता दोन बटणं. यावर अमेरिकेच्या ओशाने (तिथली कामगार सुरक्षा यंत्रणा) मेकॅनिकल प्रेसच्या नियमात सरळ सूत्र दिलंय. हाताचा वेग सेकंदाला ६३ इंच, म्हणजे १.६ मीटर धरायचा. बटण सोडल्यापासून रॅम तळाला पोचेपर्यंतचा सगळ्यात वाईट वेळ काढायचा: (१/२ + १/खाचांची संख्या) × एका फेऱ्याचा वेळ. अर्धा फेरा रॅम खाली यायला. उरलेला भाग खाच नुकतीच हुकली असेल तर पुढची खाच येईपर्यंत वाट पाहण्याचा.

मिनिटाला ६० फेरे आणि एकच खाच असलेला प्रेस घ्या. एक फेरा १ सेकंदाचा. वेळ १.५ सेकंद, अंतर २.४ मीटर. म्हणजे बटणं डायपासून २.४ मीटरवर हवीत! तीन खाचा असल्या तर ०.८३ सेकंद, साधारण १.३३ मीटर. मिनिटाला १२० फेरे आणि एक खाच असली तरी १.२ मीटर. माणूस तिथून जॉब (घडवायचा तुकडा) कसा भरणार? म्हणून सगळे लोक बटणं बेडच्या कडेला, डायपासून हातभर अंतरावर बसवतात आणि सुरक्षित झालो म्हणतात. बटणं सोडून, तिरका बसलेला जॉब नीट करायला हात आत घालायला लागतो अर्धा सेकंद. रॅमला लागतो दीड. हिशोब उघड आहे.

ओव्हरटाइम

पण अर्ध्या एमआयडीसीत पिन क्लचवर बटणं आहेत, आणि तपासणीत पासही होतात.

तिसरी_पाळी

पास होतात, कारण बटण डोळ्यांना दिसतं आणि वेळ दिसत नाही. "टू हँड आहे का?" या रकान्यात हो लिहायला पाच सेकंद लागतात. खाचा मोजायला बाजूचं कव्हर काढावं लागतं.

आडवा_पाना

वरच्या हिशोबात अजून एक धरा: डबल स्ट्रोक. प्रेस "डबल मारते" ते नेमकं तेव्हा, जेव्हा माणूस बटण सोडून जॉब काढायला हात आत घालतो. त्या क्षणी दोन बटणं काय, दहा असली तरी उपयोग शून्य.

डबल का मारते, त्याची कारणं मोजकी आहेत:

पिन किंवा की मागे खेचणाऱ्या लॅचची कड झिजून गोल होते, त्यामुळे पिन पूर्ण बाहेर येत नाही. लॅचची स्प्रिंग ढिली पडते किंवा तुटते. पेडल दाबूनच ठेवलं आणि प्रेसला एकेरी स्ट्रोकचं मेकॅनिझम नसलं (किंवा "जलद काम" म्हणून ते काढून टाकलेलं असलं) तर रॅम मारतच राहतो. आणि ब्रेक. लायनिंगवर तेल गेलं किंवा ती झिजली, की क्रँक वरच्या टोकाला न थांबता पुढे सरकतो. मग रॅम स्वतःच्या वजनाने आणि वरच्या डायच्या भाराने उतरायला लागतो.

स्प्रिंगबद्दल एक बारकाई, जी ड्रॉइंगमध्येच बघून घ्यावी. ताणावर चालणारी स्प्रिंग तुटली की खेळ संपला. दाबावर चालणारी, दांड्यावर किंवा नळीत बसवलेली स्प्रिंग तुटली तरी तिचे वेटोळे एकमेकांवर टेकून बराचसा जोर देत राहतात. लॅच आणि पेडलच्या परतीसाठी हीच दुसरी हवी. जुन्या प्रेसवर सायकलच्या दुकानातून आणल्यासारख्या ताणाच्या स्प्रिंगा लटकलेल्या असतात. पहिलं काम त्या बदलणं. खर्च नगण्य.

ब्रेक तपासायचा सोपा मार्ग: क्रँकच्या टोकावर आणि फ्रेमवर समोरासमोर पिवळ्या रंगाची खूण करा. दर पाळीच्या सुरुवातीला डायमध्ये जॉब न घालता दहा-बारा रिकामे स्ट्रोक मारा. दर वेळी खूण खुणेसमोर थांबली पाहिजे. पुढे सरकू लागली की ब्रेक आवळायचा. आवळूनही सरकत असेल तर लायनिंग उघडायची. "आज नग काढू, रविवारी बघू" हे इथे चालत नाही. प्रेस तिथेच बंद.

वर्नियर

म्हणजे पिन क्लचला उपाय काय? सहा प्रेस भंगारात?

तिसरी_पाळी

तसं नाही. पिन क्लच थांबत नाही ना, मग हातच आत जाऊ द्यायचा नाही. म्हणजे बंदिस्त फिक्स्ड गार्ड, चारही बाजूंनी. पुढून जाळी आणि मागून मोकळं, असा गार्ड निम्माच; मागून भंगार काढणाऱ्या हेल्परचीही बोटं असतात.

गार्डमधून पत्रा आत सरकवायला फट लागते. ती किती ठेवायची हे फट डायपासून किती दूर आहे त्यावर ठरतं. आयएसओ १३८५७ मधली लांबट फटीची मापं अशी:

फट ४ ते ६ मिमी: डायपासून किमान १० मिमी दूर
६ ते ८ मिमी: २० मिमी
८ ते १० मिमी: ८० मिमी
१० ते १२ मिमी: १०० मिमी
१२ ते २० मिमी: १२० मिमी
२० मिमीच्या पुढे: ८५० मिमी, कारण अंगठ्यासकट पंजा आणि मग सगळा हातच जातो

तेव्हा २० च्या वर फट ठेवून गार्ड लावणं म्हणजे दार उघडं ठेवून कडी घालणं. पट्टी फीडला ८ मिमी फट सहज पुरते.

फट बंदच करायचा दुसरा मार्ग: स्ट्रोक कमी करा. पंच वर असताना पंच आणि स्ट्रिपर (पंचाला चिकटलेला पत्रा सोडवणारी प्लेट) यांच्यातलं अंतर ६ मिमीपेक्षा कमी राहिलं तर बोट शिरतच नाही. साध्या ब्लँकिंगच्या कामात हे पुष्कळदा जमतं, फक्त टूलरूमने आधी विचार करायला हवा.

गेजब्लॉक

+१, आणि एक भर. गार्ड प्रेसला जोडू नका, डायला जोडा. प्रेसला जोडलेला एकच गार्ड सगळ्या डायना बसवायचा म्हटलं की तो सगळ्यात मोठ्या डायच्या मापाचा होतो. लहान डायला भोवती मोकळी जागा राहते, किंवा सेटर (डाय बसवणारा) तो काढून भिंतीला टेकवून ठेवतो. डायसेटवरच जाळी असली की डाय रॅकमधून आली तशी गार्डसकट येते. सेटरला वेगळं काही लावायचं राहत नाही, म्हणून विसरायचंही राहत नाही.

बनावट: उभ्या सळ्यांची जाळी घ्या, आडव्या सळ्या नजरेत येतात आणि मग कामगार मान वाकडी करून बघतो. पारदर्शक पॉलिकार्बोनेट चांगलं, पण तेलाने आणि चिपांनी महिन्याभरात धुरकट होतं, बदलायची तयारी ठेवा. बोल्ट ॲलन कीचे. विंग नट लावला तर तो गार्ड जेवणाच्या सुट्टीपर्यंतच टिकतो. सी-फ्रेम प्रेस हादऱ्याने नट सोडतो, तेव्हा नायलॉक नट.

ओव्हरटाइम

हे सगळं पट्टीच्या कामाला ठीक. दुसऱ्या-तिसऱ्या ऑपरेशनला काय? वाकवलेला जॉब एकेक करून हाताने डायमध्ये ठेवावा लागतो. तिथे बंद गार्ड लावून दाखवा. आणि लावलाच तर नग निम्मे होतील. मोठी कंपनी नगाला पैशांत भाव पाडते, ते कोणी बघत नाही.

गेजब्लॉक

दुसऱ्या ऑपरेशनला सरकता ट्रे. नेस्ट (जॉब बसवायची खोबण) गार्डच्या बाहेर ओढायचं, जॉब बाहेरच ठेवायचा, आत ढकलायचं. नेस्ट पूर्ण आत जाऊन बसल्याशिवाय पेडलचा दांडा अडकून राहील असा साधा यांत्रिक अडसर ठेवायचा. हलक्या जॉबला उतरती घसरगुंडी आणि टोकाला स्टॉपर. काढायला खालून नॉक-आऊट (जॉब वर ढकलणारी पिन) किंवा मागे हवेचा फवारा.

नग निम्मे होतात हे गृहीतक प्रत्येक वेळी खरं नसतं. हाताने ठेवण्यात वेळ कुठे जातो ते घड्याळ लावून बघा: जॉब ठेवणं, हात बाहेर काढणं, पाय, पुन्हा हात आत, चिकटलेला जॉब उचकटणं. शेवटचे दोन टप्पे नॉक-आऊटने जातात. ट्रेवर एक नेस्ट भरत असताना दुसरं आत, अशी दुहेरी मांडणी केली तर वेग उलट वाढतो. भावाचा मुद्दा मात्र मान्य. डायच्या किमतीत गार्ड आणि ट्रे धरलेला नसतो, ऑर्डर घेतानाच तो वेगळ्या ओळीत लिहावा. नंतर मागितला तर कोणी देत नाही.

चिमटा आणि मॅग्नेटबद्दलही सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच येईल. चिमटा जरूर द्या, पण तो गार्ड नाही. वापरणं माणसाच्या लक्षावर अवलंबून असतं आणि पाळीच्या सातव्या तासाला लक्ष नसतं. हातमोजे पत्र्याच्या धारेसाठी. रॅमपुढे त्यांचा काही उपयोग नाही.

कलमकसाई

दुसरा आणि तिसरा प्रश्न माझ्याकडे.

आधी कोड. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि फॅक्टरी ॲक्ट १९४८ तिच्यात विलीन झाला. पण जुन्या कायद्याखालचे नियम, संहितेशी विसंगत नसतील तितके, संक्रमणकाळात चालू राहतात. म्हणून महाराष्ट्र फॅक्टरी रूल्स १९६३ ची पुस्तकं लगेच रद्दीत टाकू नका. "कलम चुकीचं लिहिलंय" म्हणून शेरा उडवायच्या नादाला तर अजिबात लागू नका; उघडा पंच दोन्ही कायद्यांत उघडाच आहे.

जुन्या कलम २१ मधला कळीचा भाग सगळे अर्धाच वाचतात. धोकादायक भागाला भक्कम गार्ड हवा, इतकंच ते म्हणत नाही. तो गार्ड सतत सुस्थितीत आणि यंत्र चालू असेपर्यंत जागेवर असला पाहिजे, असंही म्हणतं. गार्ड विकत घेतल्याचं बिल आणि कोपऱ्यात ठेवलेला गार्ड ही पूर्तता नव्हे. कलम २४ नुसार, चुकून "बंद"वरून "चालू"वर जाऊ शकेल अशा स्विचला कुलपाची सोय हवी; शेऱ्यातला तिसरा मुद्दा तिथून येतो. अल्पवयीन कामगाराला ज्या यंत्रांवर पूर्ण प्रशिक्षण आणि देखरेखीशिवाय लावता येत नाही (कलम २३), त्यांच्या यादीत हायड्रॉलिक सोडून बाकी पॉवर प्रेस आहेत.

जबाबदारी कोणाची? ऑक्युपायरची, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असणाऱ्याची. कंपनी असेल तर डायरेक्टरच ऑक्युपायर, मॅनेजरला पुढे करून सुटता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात १९९६ साली स्पष्ट केलं. १५ माणसं ठेकेदाराची आहेत याने काही बदलत नाही. मोजणीतही ती धरली जातात.

शिक्षा: जुन्या कलम ९२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. संहितेच्या कलम १०३ खाली मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान ५ लाख दंड, किंवा दोन्ही. गंभीर इजा झाल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २ ते ४ लाख दंड, किंवा दोन्ही. या दंडातला किमान निम्मा भाग जखमीला किंवा वारसांना द्यायला न्यायालय सांगू शकतं, ही बाब नवी आणि चांगली.

अवांतर: कारखाना कशाला म्हणायचं, ही आकड्यांची गंमत बघा. मुंबईच्या गिरण्यांमुळे आलेल्या १८८१ च्या पहिल्या कायद्यात १०० माणसं लागत. १८९१ ला ५०, १९२२ ला २०, १९४८ ला वीज असेल तर १०. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने ते पुन्हा २० केले, संहितेतही २०. शंभर वर्षांपूर्वीच्या आकड्यावर परत! आणि पिन क्लचवाली बहुतेक दुकानं १० ते २० मध्येच बसतात.

ओव्हरटाइम

म्हणूनच लोक एका शेडमध्ये दोन फर्म काढतात. एका बाजूला १२, दुसऱ्या बाजूला १४.

कलमकसाई

आणि वीजजोड एक, गेट एक, डायचा रॅक एक, सुपरवायझर एक. हे उघड्यावर पडायला एक हजेरीपत्रक आणि एक वीजबिल पुरतं. शिवाय अपघात झाल्यावर "आम्ही कारखानाच नाही" म्हणणाऱ्याच्या हातात फार काही उरत नाही: ईएसआय (कामगार राज्य विमा) १० माणसांपासून लागू आहे, आणि नुकसानभरपाईची तरतूद त्याच्याही खाली.

तिसरी_पाळी

१०० टनी न्यूमॅटिक प्रेसकडे कोणी बघतच नाहीये. तिथे बटणं आणि कर्टन दोन्ही चालतात, कारण तो अर्ध्यात थांबतो. पण किती वेळात थांबतो ते मोजलंय का?

स्टॉप-टाइम मीटर भाड्याने मिळतो. क्रँक ९० अंशांवर, रॅम सगळ्यात वेगात असताना मोजा. समजा सगळं धरून २०० मिलिसेकंद आले. आयएसओ १३८५५ प्रमाणे १४ मिमी रिझोल्यूशनचा (इतकी बारीक वस्तूही टिपणारा) कर्टन, हाताचा वेग सेकंदाला २००० मिमी धरून: २००० × ०.२ = ४०० मिमी. दोन बटणं: १६०० × ०.२ + २५० = ५७० मिमी. वर्षभराने लायनिंग झिजून तोच वेळ ३०० झाला तर २००० ने ६०० येतात; ५०० च्या पुढे १६०० धरता येतो, तरी कर्टन किमान ५०० वर हवा, आणि तो तर ४०० लाच वेल्ड केलेला असतो. म्हणून मोजमाप वर्षातून किमान एकदा, शिवाय ब्रेक-क्लचला हात लागला की प्रत्येक वेळी. आकडा प्रेसवर रंगवून ठेवा.

बटणं खरंच दोन हातांची आहेत का ते असं तपासा. एक दाबून ठेवा, सेकंदाने दुसरं दाबा: प्रेस चालता कामा नये, दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली पाहिजेत. स्ट्रोक खाली येत असताना एक सोडा: थांबला पाहिजे. एक बटण टेपने दाबून ठेवून दुसऱ्याने चालवा: पहिल्या स्ट्रोकलाही चालता कामा नये, दुसऱ्याला तर नाहीच. दोन्हींत २६० मिमीपेक्षा कमी अंतर असेल तर एकाच पंजाने दोन्ही दाबता येतात. हात आणि कोपर लावूनही दाबतात, म्हणून भोवती कडं हवं. आणि प्रेसवर दोन माणसं असली तर बटणांच्या दोन जोड्या. बटणं चालवणाऱ्यालाच वाचवतात, शेजारच्या हेल्परला नाही.

क्लचची हवा सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह जुळा आहे ना? एक अडकला तर दुसऱ्याने हवा सोडली पाहिजे. एकेरी व्हॉल्व्हवर हजारोंचा कर्टन लावणं म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. कर्टनची दोन्ही आउटपुट सेफ्टी रिलेत जावीत. साध्या पीएलसीच्या (यंत्राच्या नेहमीच्या कंट्रोलरच्या) एका इनपुटला जोडलेली सर्रास सापडतात. दर पाळीला १४ मिमीचा टेस्ट रॉड वरून खाली, मधोमध आणि दोन्ही टोकांना फिरवायचा. बाजू आणि मागचा भाग फिक्स्ड गार्डने बंद.

बायपासची किल्ली पॅनेलमध्येच लटकत असेल तर तुमच्याकडे कर्टन नाही, असं धरा.

आडवा_पाना

डाय बदलण्याचं राहिलं. इथला क्रम लिहून प्रेसवर लावा, मराठी आणि हिंदीत, चित्रांसह. ओडिशा-बिहारहून आलेल्या मुलाला तुमची सूचना वाचता येईलच असं नाही.

मोटर बंद. फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, मोठ्या प्रेसला काही मिनिटं लागतात. घाई करणारे पेडल मारून उरलेला जोर काढतात, ते डाय मोकळी करण्याआधी आणि हात बाहेर असतानाच. आयसोलेटर (मुख्य वीज तोडणारा स्विच) खाली, सेटरचं स्वतःचं कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात. हवा असेल तर लाइन बंद करून रिकामी. मग रॅमखाली सेफ्टी ब्लॉक. लाकडाचा ठोकळा नव्हे; रॅम आणि वरच्या डायचं वजन पेलणारा ब्लॉक, साखळीने प्रेसलाच बांधलेला. त्याचा प्लग कंट्रोल सर्किटमध्ये घातलात तर ब्लॉक जागेवरून काढल्याशिवाय प्रेस सुरूच होणार नाही. सेटिंगला क्रँक फिरवायचा तो टॉमी बारने, मोटरने नाही, आणि बार काढल्याशिवाय कुलूप काढायचं नाही. बार अडकलेला राहून मोटर सुरू झाली की तो भिरकावला जातो.

हायड्रॉलिक प्रेसवालेही ब्लॉक वापरा. पंप बंद असताना सील गळून रॅम हळूहळू उतरतो.

सेटिंग झाल्यावर गार्ड जागेवर, पेडलचं आच्छादन जागेवर, रिकामे स्ट्रोक, मग सेटरची सही, मगच ऑपरेटरच्या ताब्यात. पेडलचं आच्छादन वरून आणि दोन्ही बाजूंनी; पडलेला जॉब पेडलवर आदळून स्ट्रोक होणं हे फार जुनं कारण आहे.

ईएसआय_खिडकी

बोट गेलंच तर काय, हेही असू द्या. काम ४८ तास किंवा जास्त बंद राहील अशा इजेची सूचना कारखाना निरीक्षकाला द्यावी लागते. मृत्यू असेल तर ताबडतोब. प्रेस तसाच ठेवा. गार्ड घाईघाईने लावून फोटो काढणं पंचनाम्यात लगेच कळतं, बोल्टवर ताजा रंग असतो.

नोंदणी रुजू होतानाच करा. अपघाताच्या दिवशी काढलेला विमा क्रमांक हा सगळ्यात मोठा घोळ: हप्ता भरलेला नसला तरी महामंडळ कामगाराला लाभ देऊ शकतं आणि मग तो खर्च मालकाकडून वसूल करतं. हप्ता मालकाचा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५, वेतनमर्यादा २१,००० रुपये. तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या सुमारे ९० टक्के मिळतात. कायमच्या अपंगत्वाचं प्रमाण मेडिकल बोर्ड ठरवतं, पाया कायद्याच्या परिशिष्टातला: अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, एका हाताची चारही बोटं ५०. कामगारांनी बोर्डाची तारीख चुकवू नये. टाके निघाले की ठेकेदार "बरा झालास, ये कामावर" म्हणतो आणि बोर्ड राहून जातं.

भंगारवाला_नाही

कामगाराने तक्रार केली तर नाव फुटतं, म्हणून कोणी करत नाही. यावर काही?

कलमकसाई

जुन्या कायद्यात कलम ११८-अ होतं: तक्रार कुठून आली हे निरीक्षकाने गुप्त ठेवायचं, आणि तक्रारदाराच्या संमतीशिवाय, भेट तक्रारीवरून आहे हेसुद्धा मालकाला सांगायचं नाही. कामगार तपासणीबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार क्रमांक ८१ भारताने १९४९ मध्ये मान्य केला, त्यातही हेच आहे. व्यवहारात मात्र २६ माणसांच्या दुकानात कोण बोललं हे ओळखायला कायदा फोडावा लागत नाही. म्हणून तक्रारीत प्रसंग लिहू नका, यंत्र लिहा: "अमुक टनांचे सहा प्रेस, पुढचा गार्ड नाही, पेडल उघडं, दुसरी पाळी." पुरवठादारापासून वाहनचालकापर्यंत कोणीही पाहू शकेल इतकंच. आणि पाळी लिहाच. सकाळी अकराला गार्ड जागेवर असतात.

वर्नियर

सगळ्यांचे आभार. पूर्ततेचा सुधारित मसुदा असा: पिन क्लचवरच्या चालू डायची यादी (४१ निघाल्या), पट्टीच्या डायना जाळी, दुसऱ्या ऑपरेशनच्या डायना सरकता ट्रे, प्रत्येकीचा गार्डसह फोटो, फटीचं माप आणि डायपासूनचं अंतर, सहा पेडलांना आच्छादन, लॅच आणि स्प्रिंगा बदलल्याची नोंद, १०० टनी प्रेसचा स्टॉप-टाइम, सेटिंगचा क्रम आणि कुलपांची यादी. सगळं एकदम जमणार नाही, तेव्हा जाळी न झालेल्या डाय दरम्यान वापरायच्या का?

कलमकसाई

नाही. त्या डायना लाल रंग, वेगळा रॅक, कुलूप, आणि उत्तरात तसं लिहा: "या १७ डाय वापरातून काढल्या आहेत, गार्ड बसल्यावर कळवू." (आकडा तुमचा घाला.) मुदत मागायची तर अशीच मागता येते. गार्डशिवाय चालवत राहून मागितलेली मुदत म्हणजे स्वतःच्या सहीने दिलेला कबुलीजबाब.

गेजब्लॉक

फटीचं माप व्हर्नियरने घेऊ नका, नावाला जागायचा मोह झाला तरी. ६, ८, १० मिमीच्या गोल सळ्यांचे तुकडे कापून घ्या, त्यांवर नंबर पंच करा. जी सळी शिरते त्यापुढचं अंतर वरच्या तक्त्यात बघायचं. सेटरच्या खिशात राहतील.

आडवा_पाना

सळीचं टोक गोल करा. चौकोनी कडेची अडकते आणि लोक म्हणतात "बघा, जात नाही".